‘फर्जंद’ : युद्धपटातील बोली आणि पवित्रा

मराठी ऐतिहासिक चित्रपटाची समीक्षा बहुधा दोन प्रश्नांभोवती घुटमळत राहते. दाखविलेला प्रसंग बखरींशी जुळतो की नाही, हा पहिला. आणि वेष, शस्त्रे व गडकोट यांची मांडणी काळाला धरून आहे की नाही, हा दुसरा. पात्रे ज्या मराठीत बोलतात त्या मराठीची चौकशी सहसा कोणी करीत नाही. पागोट्याचा पीळ चुकला तर हळहळणारा प्रेक्षक, सतराव्या शतकातील शिलेदार विसाव्या शतकातील कोल्हापूरच्या वेशीवरच्या बोलीत बोलू लागला तर तेवढे मुकाट्याने ऐकून घेतो; किंबहुना तो तसा बोलला नाही तर त्यास चुकल्यासारखे वाटते. ही सवय कशी जडली आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा विचार करण्यास श्री. दिग्पाल लांजेकर यांचा ‘फर्जंद’ (१ जून २०१८) हा चित्रपट फार सोयीचा आहे. लेखन आणि दिग्दर्शन एकाच हाती असल्यामुळे त्यातील भाषेची जबाबदारी विभागली जात नाही.

चीन व जपान या देशांत युद्धकलेला वाहिलेला चित्रपट हा एक स्वतंत्र प्रकार मानला जातो. शस्त्रविद्या, गुरुशिष्यपरंपरा, प्रतिज्ञा आणि अखेरचे द्वंद्व ही त्याची अंगे होत. मराठीत या प्रकाराला वेगळे नाव नाही. पण शिवकालीन झुंजपट हे त्याचेच देशी रूप आहे. कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांनी ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘बहिर्जी नाईक’ (१९४३), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘पावनखिंड’ (१९५६) अशा चित्रपटांतून त्याचा साचा घडविला आणि पुढे १९८१ साली ‘गनिमी कावा’ काढून तो साचा आपल्या हातून सुटला नसल्याचे दाखविले. लांजेकर याच वाटेने आले आहेत. ‘श्री शिवराज अष्टक’ या नावाने आठ चित्रपटांचा संकल्प त्यांनी केला; ‘फर्जंद’ त्यातला पहिला. ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ व ‘शेर शिवराज’ (दोन्ही २०२२) आणि ‘सुभेदार’ (२०२३) हे त्यानंतरचे. मुख्य राजपुरुषाऐवजी दुसऱ्या फळीतील वीराला कथेच्या मध्यभागी आणण्याचे श्रेय त्यांना अनेकांनी दिले आहे. भालजींच्या वरील चित्रपटांची नुसती नावे वाचली तरी हे श्रेय वाटून घ्यावे लागेल असे दिसते. लांजेकरांचे वैशिष्ट्य निराळे आहे. त्यांना युद्ध प्रथम ऐकू येते आणि मग दिसते. त्यांच्या चित्रपटात तलवार शब्दाच्या मागून चालते.

कथाविषय सर्वपरिचित आहे. पन्हाळा १६५९ च्या नोव्हेंबरात स्वराज्यात आला, पुढच्याच वर्षी तहात गेला, १६६६ च्या जानेवारीत त्यावर केलेला हल्ला फसला, आणि अखेर १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी रात्री गड चढून तो घेतला. या पराक्रमावर जयराम पिंड्ये या समकालीन कवीने ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य लिहिले. चित्रपटात अंकित मोहन यांनी कोंडाजीची, चिन्मय मांडलेकर यांनी शिवाजी महाराजांची, मृणाल कुलकर्णी यांनी जिजाबाईंची, प्रसाद ओक यांनी बहिर्जी नाइकाची, मृण्मयी देशपांडे यांनी केसरची आणि समीर धर्माधिकारी यांनी बेशकखान या किल्लेदाराची भूमिका केली आहे. साठांची निवड, गडावरील हेरगिरी, चढाई आणि झुंज असा सरळ उतरत जाणारा घाट आहे. त्यात अनपेक्षित असे काही नाही. आणि ते नसावे हेच योग्य, कारण शेवट ठाऊक असलेली कथा पुन्हा ऐकण्यातला आनंद हा या प्रकाराचा प्राण आहे.

आता भाषेकडे वळावे. या चित्रपटात भाषेचे तीन थर आहेत. राजकुळातील पात्रे प्रमाण मराठीच्या भारदस्त, किंचित संस्कृतप्रचुर रूपात बोलतात. मावळे ग्रामीण बोलीत बोलतात. शत्रुपक्ष हिंदुस्थानीचा आश्रय घेतो. ही वाटणी लांजेकरांनी निर्माण केलेली नाही. ती त्यांना वारसाहक्काने मिळाली आहे. परंतु त्यांच्या हाती ती इतकी काटेकोर झाली आहे की एखाद्या पात्राचे तोंड उघडताच त्याचा पक्ष आणि त्याचा दर्जा हे दोन्ही प्रेक्षकाला कळावेत. या तिन्ही थरांपैकी एकही १६७३ सालचा नाही, हे सांगण्यात काही फारसे पांडित्य नाही. ऐतिहासिक नाटकाची भाषा नेहमी कृतकच असते आणि ती तशी असण्याचा तिला हक्क आहे. आक्षेप घ्यायचा तो कृतकतेवर नव्हे. त्या वाटणीतून प्रेक्षकाच्या मनावर जो निवाडा ठसतो त्यावर.

प्रथम चित्रपटाचे नावच पाहावे. ‘फर्जंद’ हा शब्द फारसी आहे. त्याचा अर्थ पुत्र. मराठा घराण्यांच्या व्यवहारात तो औरस पुत्राखेरीज घरी वाढलेल्या किंवा अनौरस पुत्रासही लागे. आग्ऱ्याच्या प्रसंगाने प्रसिद्ध झालेला हिरोजी फर्जंद हे दुसरे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. म्हणजे ज्या वीराचा गौरव करावयाचा त्याची पदवीच शत्रूच्या म्हणून दाखविलेल्या भाषेतून आलेली आहे. पुढच्या चित्रपटाचे नाव ‘फत्तेशिकस्त’. त्यातला ‘फत्ते’ अरबीतून फारसीच्या द्वारे आलेला आणि ‘शिकस्त’ शुद्ध फारसी. लांजेकरांच्या कानाला या शब्दांतील धार कळते, म्हणूनच त्यांनी ते फलकावर घेतले. मात्र फलकावर दिलेला मान या शब्दांच्या कुळाला कथेच्या आत मिळत नाही.

शस्त्रविद्येची मराठी परिभाषा चाळली तर हा विरोध अधिक स्पष्ट होतो. ढाल, तलवार, पट्टा, भाला हे शब्द देशी आहेत. परंतु ज्या जागी ही विद्या शिकावयाची ती तालीम, शिकविणारा वस्ताद, शिकून तयार झालेला पहिलवान, त्याची कुस्ती आणि त्या कुस्तीतला पेच हे सारे फारसीच्या दाराने आत आलेले. अंगावरचे चिलखत व बख्तर, डोक्यावरच्या जिरेटोपातील ‘जिरे’, राखावयाचा किल्ला, त्याचे बुरूज, त्यावरची शिबंदी, जिंकावयाची मोहीम हेही त्याच कुळातले. ‘मर्दानी खेळ’ या नावातील ‘मर्दानी’ तसाच. इतकेच नव्हे, तर ज्याच्यावर तुटून पडावयाचे तो ‘गनीम’ हाही अरबी शब्द, आणि मोगलांच्या फारसी कागदांत तो मराठ्यांनाच उद्देशून येतो! दोन्ही पक्ष एकमेकांना एकाच शब्दाने शत्रू म्हणत होते. नाटककाराला याहून चांगले खाद्य कोणते मिळावे? चित्रपटाने ते चाखलेले नाही.

राजवाड्यांनी मोजक्या जुन्या पत्रांतील शब्दांची गणती करून असे दाखविले होते की सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील पत्रात मराठी शब्दांचे प्रमाण शेकडा चौदाच्या आसपास होते, ते १६७७ सालच्या पत्रात शेकडा बासष्टांवर गेले आणि १७२८ पर्यंत शेकडा त्र्याण्णवांवर पोहोचले. दोनचार कागदांवरून एवढा मोठा सिद्धांत उभारणे आजच्या अभ्यासकाला धाडसाचे वाटेल, आणि दरबारी कागद म्हणजे बोलणे नव्हे हेही खरे. तथापि बदलाची दिशा त्यावरून कळते. पन्हाळा घेतला गेला तो १६७३ मध्ये; राज्याभिषेक झाला तो ६ जून १६७४ रोजी; आणि रघुनाथपंडिताचा ‘राजव्यवहारकोश’ त्यानंतर दोनतीन वर्षांतला. दहा वर्गांच्या त्या कोशात दुर्गांचा आणि शस्त्रांचाही वर्ग आहे. म्हणजे कोंडाजी ज्या वर्षांत गड चढतो त्याच वर्षांत गडाच्या प्रत्येक अवयवाला नवे नाव देण्याचा विचार राजधानीत शिजत होता. जुन्या नावांनी लढणारी माणसे आणि नवी नावे घडविणारे पंडित हे एकाच राज्यात, एकाच क्षणी वावरत होते. चित्रपट राज्याभिषेकाच्या उंबरठ्यावर उभा आहे. त्याच्या हाताशी हा संघर्ष आपण होऊन आला होता. लांजेकरांनी तो सोडून दिला आणि जणू तो केव्हाच निकालात निघाला होता अशा थाटात भाषेची वाटणी केली. जी गोष्ट पुढे घडली ती आधीच घडून गेल्याप्रमाणे दाखविणे, हा शिरस्त्राणाचा आकार चुकण्यापेक्षा मोठा कालविपर्यास होय.

मावळ्यांच्या बोलीविषयीही काही बोलले पाहिजे. ‘न्हाई’, ‘व्हय’, ‘लई’, ‘आमास्नी’, मूर्धन्य ‘ण’ऐवजी ‘न’ ही जी मावळ्याची म्हणून रूढ झालेली चित्रपटीय बोली, तिचे मूळ बारा मावळात नसून कोल्हापूर-साताऱ्याच्या पट्ट्यात आहे. मराठी बोलपटाचे एक मोठे केंद्र कोल्हापूर होते. तेथील कलागृहांत वावरणाऱ्या माणसांची जिभेवरची बोली पडद्यावर गेली आणि पुढे तीच शौर्याची बोली ठरली. गंमत अशी की ‘फर्जंद’पुरती ही चूक अर्धी बरोबर येते. पन्हाळा कोल्हापूरच्या शेजारीच. तेव्हा गडाच्या पायथ्याचा गांजलेला शेतकरी असे बोलला तर त्याला आधार सापडेल. गड घेण्यास आलेला मावळातला गडी मात्र त्याहून वेगळा बोलला असता. पायथ्याची माणसे आणि सोडविण्यास आलेली माणसे एकमेकांची मराठी थोडी अडखळत समजून घेत आहेत, असे एखादे लहानसे दृश्य या चित्रपटात असते तर ‘स्वराज्य’ या शब्दाला जो अर्थ आला असता तो दहा घोषणांनी येत नाही.

येथे उमरखेडसारख्या गावातील प्रेक्षकाचा विचार करणे भाग आहे. उमरखेड यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे वसलेले. नदीपलीकडचा हदगावचा मुलूख १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता, अलीकडे वऱ्हाड. येथील बोलीत वऱ्हाडीचे ‘मले-तुले’ आहे, ‘ळ’चा ‘य’ होणे आहे, आणि दक्षिणेकडे सरकावे तसे मराठवाडी वळणही आहे. शिवाय बाजारात गोरमाटी आणि दखनी कानी पडते. अशा गावचा श्रोता ‘फर्जंद’ ऐकतो तेव्हा दोन गोष्टी घडतात. पहिली ही की, पडद्यावर शत्रूची म्हणून येणारी हिंदुस्थानी त्याला परकी वाटावी अशी अपेक्षा असते. पण ती तर त्याच्या शेजाऱ्याची, कापड दुकानातली आणि मोटारतळावरची भाषा आहे. दुसरी ही की, शूराच्या तोंडी येणारी ग्रामीण मराठी आपली म्हणून त्याने ओळखावी अशीही अपेक्षा असते; पण ती त्याच्या घरची नाही. त्याच्या घरच्या बोलीला मराठी नाटक-चित्रपटांनी बहुधा विनोदी पात्राचे काम दिले. वऱ्हाडी बोलणारा शिलेदार गंभीर प्रसंगी पडद्यावर आला तर पुण्यामुंबईच्या प्रेक्षागृहात हशा पिकेल, ही भीती आजही निराधार नाही. आणि ही भीती हळूहळू त्या बोलणाऱ्याच्याच मनात उतरते. मुलाखतीला गेलेला विद्यार्थी ‘मले’ गिळून ‘मला’ म्हणतो, त्यामागे अशा शेकडो लहान निवाड्यांचा भार असतो.

शस्त्राच्या बाबतीत तरी विदर्भ असा परका नव्हता. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके तेथे केली. लाठी, बनेठी, फरी-गदका ही नावे वऱ्हाडातील गावोगावच्या आखाड्यांत माहीत होती. ही परंपरा ज्याने पाहिली आहे तो ‘फर्जंद’मधील झुंजीकडे वेगळ्या नजरेने पाहील. दांडपट्ट्याचे उदाहरण घ्यावे. या शस्त्रात हात कोपरापर्यंतच्या लोखंडी मुठीत बंद होतो. मनगट वळविता येत नाही; म्हणून वार खांद्यातून आणि कमरेतून निघतो, पात्याला वर्तुळ लागते, आणि वर्तुळ सांभाळावयाचे तर पाय सतत जागा बदलीत राहावे लागतात. पट्टेबाजाचे कसब हाताइतकेच पायात असते. ‘पवित्रा’ या शब्दाला तालमीत जो मान आहे तो त्यामुळे. चित्रपटातील कॅमेरा मात्र बहुधा कमरेच्या वर राहतो. वार सुरू होतो आणि तो पुरा होण्याआधी दृश्य तुटते. मग मंद गतीत घाव बसलेला दिसतो. आघात कळतो, विद्या कळत नाही. नायकाचे शरीर पीळदार आहे. पण तो पीळ आजच्या व्यायामशाळेतील यंत्रांवर घडलेला दिसतो, जोर-बैठकांवर आणि मातीत नव्हे. अंकित मोहन हे हिंदी दूरचित्रवाणीवरून आलेले नट आहेत; मराठी संवाद त्यांनी निष्ठेने म्हटले आहेत. तथापि, त्यांची चाल आणि त्यांची बोली या दोहोंत एकच उणीव जाणवते: दोन्ही पाठ केलेल्या आहेत, अंगवळणी पडलेल्या नाहीत.

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या ‘सात सामुराई’ (१९५४) या चित्रपटाची आठवण येथे अपरिहार्य आहे. थोड्या शूरांनी पुष्कळांशी झुंजण्याचीच ती कथा. त्यातील क्युझो हा योद्धा फारसा बोलतच नाही. आधी काठीने आणि मग खऱ्या तलवारीने झालेल्या एका द्वंद्वात त्याचे उभे राहणे पाहूनच त्याची योग्यता कळते. आणि त्याच्या अगदी उलट किकुचियो. तो शेतकऱ्याचा पोर. सामुराई म्हणून मिरवावे यासाठी कोणाची तरी वंशावळ पैदा करून आणतो. त्याला ती वाचता येत नाही, आणि त्या कागदाप्रमाणे त्याचे वय तेरा वर्षांचे ठरते! कुळ आणि लिपी यांच्यातील हे नाते कुरोसावांनी एका हसण्यात दाखविले. पुढे तोच किकुचियो शेतकऱ्यांच्या लबाडीविषयी संतापून बोलता बोलता आपला जन्म उघड करून बसतो. तेथे वाणी ही पात्राला चिकटविलेली खूण राहत नाही. ती त्याच्या हातून निसटते. दोन थरांच्या मध्ये उभे असलेले पात्र हेच भाषेच्या नाट्याचे उगमस्थान असते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘फर्जंद’मधील सर्वांत सरस भाग कोणता याचा उलगडा होतो.

तो भाग हेरगिरीचा. बहिर्जी आणि केसर ही दोन पात्रे गनिमाच्या गडात वावरतात. त्यांना तेथे टिकावयाचे तर तेथल्यासारखे बोलावे लागणार. आणि एक शब्द चुकला तर जीव जाणार. चित्रपटाने इतरत्र कडेकोट बांधलेली भाषेची भिंत येथे त्यालाच ओलांडावी लागते. नर्तकीच्या वेषातील केसर ज्या भाषेत खानाचे मन राखते तिच्याच आधारे ती त्याचा घात घडवून आणते. म्हणजे शत्रूची मानलेली भाषा हे स्वराज्याचेही शस्त्र होते, ही गोष्ट लांजेकरांनी मांडली आहे. सिद्धांत म्हणून नव्हे, प्रसंगाच्या गरजेपोटी. मृण्मयी देशपांडे यांच्या अभिनयात या दुहेरीपणाचा ताण आहे. दिग्दर्शकातला लेखक येथे दिग्दर्शकातल्या प्रचारकाच्या पुढे जातो. अखेरच्या झुंजीपेक्षा या प्रसंगांत धोका अधिक वाटतो, याचे कारण येथे प्रत्येक वाक्य हाच एक पवित्रा आहे.

लांजेकरांनी या अंगाने आणखी पुढे जावयास हवे होते, आणि तशी संधी त्यांच्या दुसऱ्याच चित्रपटात त्यांच्याकडे चालत आली. ‘फत्तेशिकस्त’मध्ये रायबागन हे पात्र आहे. माहूरच्या राजे उदाराम देशमुखांच्या घराण्यातील ही सावित्रीबाई. औरंगजेबाने दिलेल्या पदवीने ओळखली जाणारी, मोगलांच्या बाजूने शस्त्र घेऊन उभी राहिलेली. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखान कोंडला गेला तेव्हा ती त्याच्या सैन्यात होती. मराठी बोलणारा तो आपला आणि हिंदुस्थानी बोलणारा तो परका, ही रूढी तिच्यापाशी येऊन अडखळते. ती शत्रूच्या गोटात आहे. पण तिचे माहेर-सासर मराठी आहे. तिची मराठी मावळातलीही नव्हे, कोल्हापुरातलीही नव्हे. ती पैनगंगेच्या खोऱ्यातली असणार, माहूर-उमरखेडच्या वाटेवरची. पडद्यावरचे तीन थर घेऊन बसले तर या बाईला बोलावयास भाषाच उरत नाही.